बिघडवायची ओळ

अंबूबाईच्या शेडनेटमध्ये मिरचीची एक ओळ अशी आहे, की तिच्यातली एकही मिरची बियाणे कंपनीला जात नाही. दारातून आत शिरलं की उजव्या हाताची पहिलीच. खत तेच, पाणी तेच, ठिबकची नळीही तीच. पण त्या ओळीत चुका करायच्या, असा तिथला नियम आहे. कामाच्या बायका तिला ‘बिघडवायची ओळ’ म्हणतात. नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं, बाईचं डोकं फिरलंय. चांगली उभी झाडं कोणी बिघडवायला ठेवतं का? ठेवतं. पण त्यामागं काय घडलं ते ऐकल्याशिवाय हसू नये.

मोहखेडी हे लोणारपासून एस.टी.नं अर्ध्या तासावरचं गाव. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथं दहा-दहा गुंठ्यांची शेडनेट उभी राहिली आणि गावातल्या बायका संकरित बी तयार करायला शिकल्या. काम नाजूक. मादीच्या झाडावरची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं सोलायची, आतले जांभळट नर, म्हणजे परागकोश, अलगद उपटून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं नराच्या झाडाची पावडर, म्हणजे पराग, लावायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा नसलेली मिरची तोडून फेकायची. एवढंच. पण एखादा नर आत राहिला, किंवा काढायच्या आधीच फुटला, तर कळी स्वतःच्याच पावडरीनं धरते. त्याला बायका ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ मिरची दिसायला इतर मिरच्यांसारखीच. लाल दोरा मिरवते, लाल होऊन पिकते, पोतडीत जाते. कंपनी ते बी लांब कुठंतरी पेरून पाहते, झाडं मोठी होतात, तेव्हा कुठं खरं-खोटं कळतं. तोवर आठ महिने उलटलेले असतात.

अंबूबाई या कामातली वाघीण. वय अठ्ठेचाळीस, डोळे अजून लख्ख, बोटं सुगरणीची. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती हजार-बाराशे कळ्या सोलायची, तेवढ्या वेळात दुसरीच्या आठशे व्हायच्या. ‘अंबूबाईचा हात म्हणजे मशीन’ असं कंपनीचा माणूस शेखर चारचौघांत म्हणायचा. कौतुक गोड असतं, पण ते पचवायलाही कोठा लागतो. अंबूबाईचा कोठा तेवढा नव्हता. हळूहळू तिला वाटायला लागलं की आपल्या बोटांना चूक ठाऊकच नाही.

तीन वर्षांपूर्वी महालक्ष्म्या आल्या त्या ऐन कळ्यांच्या दिवसांत. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी या भागातली बाई घराबाहेर पाऊल टाकत नाही. पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, सवाष्ण, ब्राह्मण. चूल दिवसभर विझत नाही. पण मिरचीच्या झाडाला कुठली महालक्ष्मी? कळ्या आपल्या वेळेवर फुगतच राहतात.

त्या हंगामात प्लॉटात एक नवी बाई आली होती, महामाया. इंद्रभान रिक्षावाल्याची बायको. बारावी शिकलेली, डोळ्यांना चष्मा. बुद्धविहारापाशी घर. आदल्या दिवशी काम संपताना ती म्हणाली होती, “अंबूबाई, मले काही महालक्ष्म्या नाईत. वस्तीतल्या तिघी-चौघी घेऊन मी येतो उद्या. कळ्या मोकळ्या पडणार नाईत.”

“राहू दे,” अंबूबाई म्हणाली. “एका दिवसानं काय होते?”

खरं कारण वेगळं होतं. आपल्यामागं आपल्या प्लॉटात दुसरीचा हात फिरावा, तोही नवखीचा, हे तिला सोसवणार नव्हतं. आणखीही एक कारण असेल. ते तिनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडनेटमध्ये शिरली. ओळीच्या ओळी पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. उमललेली फुलं तोडायचीच, त्यात प्रश्न नव्हता; बायकांनी ती तोडलीही. पण दीड-दोन हजार कळ्या मधल्याच होत्या. फुगलेल्या, टपोऱ्या, आज दुपारी उमलतील की उद्या अशा. नियम सांगत होता, फुगलेली कळी संशयाची, तोडून टाका. अंबूबाईची आई सांगायची, कळी तोडणारीच्या घरी पाळणा हलत नाही. आणि अंबूबाईचा हात सांगत होता, मी आहे ना.

बाकीच्या बायकांना तिनं पलीकडच्या ओळींत पाठवलं आणि त्या फुगलेल्या कळ्या दोन दिवसांत एकटीनं सोलल्या. एकीलाही कळलं नाही, असं तिला वाटलं. दोरे बांधताना तिला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

रिझल्ट आला तो मृगाच्या तोंडावर. शेखर मोटारसायकलवरून उतरला तेव्हाच त्याचं तोंड उतरलेलं होतं.

“काकू, लॉट फेल गेला. शुद्धता ब्याण्णव टक्के. अठ्ठ्याण्णव पाहिजे होते.”

रंगराव, अंबूबाईचा नवरा, बाजेवर बसला होता तो तसाच बसून राहिला. एका वर्षाची मेहनत कंपनी जाळून टाकणार होती. त्याहून वाईट पुढंच होतं. “एक हंगाम अजून मिळेल,” शेखर म्हणाला. “दोनदा फेल झालं तर प्लॉट बंद. नियमच आहे. मग दुसरीही कंपनी घेत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या बायकांना गोळा केलं. “फुगलेल्या कळ्या कोणी सोलल्या का? खरं सांगा. मी रागावणार नाही.”

बारा बायकांनी माना हलवल्या. अंबूबाईनंही हलवली. मान हलून गेली आणि मग तिला महालक्ष्म्यांची ती सकाळ आठवली. तोंड उघडायला अजूनही वेळ होता, पण तेवढ्यात पुष्पांजली, तिची शेजारीण, म्हणाली, “आमाले दहा-दहा वर्सं झाले भाऊ. नवी कोण हाये ते पाह्य ना. चष्म्याची बाई कळीतला नर काय पाहीन?”

सगळ्यांचे डोळे महामायेकडं वळले. गावाला बोट दाखवायला माणूस हवा असतो, आणि तो कुठल्या वस्तीत सापडतो हे का नव्यानं सांगायला हवं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. महामायेनं आपला चिमटा पेटीत ठेवला, पेटी शेखरच्या हातात दिली आणि निघून गेली. अंबूबाई तिच्या पाठीकडं पाहत राहिली. ‘थांब’ हा दोन अक्षरी शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. ती याच गोष्टीसाठी स्वतःला आजवर माफ करू शकलेली नाही, नापास लॉटसाठी नव्हे.

त्यानंतर महामायेला गावातल्या एकाही प्लॉटात कोणी बोलावलं नाही.

जुलैत रोपं लावली. झाडं डोळ्यांदेखत वाढत होती आणि अंबूबाईच्या छातीतली धडधडही. लॉट कशानं गेला हे नक्की माहीत नसेल तर यंदा काय वेगळं करायचं? महामायेनं खरोखरच काही कळ्यांत नर ठेवले असतील तर ती आता नाही, म्हणजे धोका टळला. पण त्या फुगलेल्या कळ्यांनीच घात केला असेल, तर धोका कुठंच गेलेला नव्हता. तो चिमटा घेऊन रोज प्लॉटात हिंडत होता.

शेखर एकदा सहज बोलून गेला होता, “सोललेल्या कळीला पावडर लावली नाही, तर ती आठ दिवसांत गळून पडते, काकू.” ते वाक्य अंबूबाईच्या डोक्यात घोळत राहिलं. ऑगस्टच्या मध्याला पहिला बहर आला. तो कंपनी घेत नाही, तोडूनच टाकायचा असतो. अंबूबाईनं दाराजवळची पहिली ओळ तोडली नाही.

तिनं चाळीस कळ्या निवडल्या, तशाच फुगलेल्या, टपोऱ्या. सोलल्या. पावडर लावली नाही. बाहेरचं काही लागू नये म्हणून प्रत्येकीभोवती कापूस गुंडाळला आणि देठाला काळा दोरा बांधला. मग चाळीस वेळेवरच्या कळ्या घेतल्या, मिटलेल्या, हिरवट. त्यांचंही तसंच केलं, दोरा पांढरा. वेळेवरच्या गळणारच होत्या. फुगलेल्याही गळाल्या तर ती निर्दोष. धरल्या, तर नर सोलायच्या आधीच आत फुटला होता, आणि मग लॉट तिनं घालवला होता.

“हे काय करून राह्यली?” रंगरावनं विचारलं.

“काही नाई. टाइमपास.”

पुढचे आठ दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. सकाळी उठली की चहाच्या आधी प्लॉट. भाकरी थापताना मन ओळीत. आणि मनात काय चाललं होतं ते सांगायलाच हवं, कारण ती नंतर स्वतः सांगते: ती देवाकडं मागत होती, गळू दे. सगळ्या गळू दे. महामायेचीच चूक निघू दे. माणसाचं मन किती हलकं असतं हे तिला त्या आठ दिवसांत कळलं.

चौथ्या दिवशी पांढऱ्या दोऱ्याच्या कळ्या पिवळ्या पडायला लागल्या. सहाव्या दिवशी काळ्या दोऱ्याच्याही गळू लागल्या. एक, चार, नऊ. अंबूबाईला हायसं वाटलं. सातव्या दिवशी वीस. आठव्या दिवशी तिनं राहिलेला कापूस एकेक करून सोडला. पांढऱ्या दोऱ्याची एकही कळी झाडावर नव्हती. काळ्या दोऱ्याच्या अकरा होत्या. अकराही देठांवर ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी गाठ धरली होती.

ती तिथंच वाफ्याच्या काठावर बसली. तरी मन वाट काढतच होतं. कधी कधी मिरची पोकळही धरते, आत बी नसतं. म्हणजे सेल्फ नाही. आणखी पंधरा दिवस थांबू. ती थांबली. मिरच्या करंगळीएवढ्या झाल्या तेव्हा एक तोडली आणि नखानं उभी चिरली. आत पांढरं बी खच्चून भरलेलं होतं.

त्या दिवशी रंगरावला तिनं सगळं सांगितलं. तो तंबाखू मळत होता.

“सांगतलं कोनाले?”

“अजून नाई. परवा प्लॉटात हंगामाचा नारळ फुटन, तवा सगळ्याईसमोर सांगतो.”

“याड लागलं काय तुले?” रंगराव उसळला. “ज्याचा प्लॉट त्यानंच बिघडवला म्हणल्यावर शेखर उभा राहू देईन? आत्ता कंपनीले वाटते का मजुराची चूक हाये. वाटू दे. तुले कारण समजलं ना? मंग यंदा नीट कर. रिझल्ट पास होऊ दे, मंग सांगत बस गावभर.”

यात खोट काढायला जागा नव्हती. शहाणपणाचं बोलणं होतं. अंबूबाईनं रात्रभर, दिवसभर त्याचा विचार केला आणि संध्याकाळी उरलेल्या दहा मिरच्या आणि ती चिरलेली एक पदरात बांधून महामायेच्या घरी गेली. त्या घरची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती.

महामाया ओसरीवर मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिनं या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. पाय मशीनवर तसाच चालू ठेवला. अंबूबाईनं पदर सोडून मिरच्या मशीनच्या फळीवर ठेवल्या.

“हे काय हाये?”

“फुगलेल्या कळ्या. मी सोलल्या, पावडर नाई लावली. कापूस गुंडाळला होता.”

मशीन थांबलं. महामाया कामातली बाई. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं चिरलेली मिरची उचलली, चष्मा वर करून जवळून पाहिली.

“कितीतल्या?”

“चाळीसातल्या अकरा.”

“अन् वेळेवरच्या?”

“एकबी नाई धरली.”

महामायेनं मिरची खाली ठेवली. “महालक्ष्म्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्याच त्या ओळीत होत्या. मी पाह्यलं होतं.”

“मंग तू बोलली काऊन नाई?”

“माहं कोन ऐकलं असतं?”

इंद्रभान आतून बाहेर आला, अंबूबाईला पाहून पुन्हा आत गेला. ती कशीबशी म्हणाली, “माही चूक झाली, महामाया. उद्या नारळ हाये. तुले घ्यायले आली.”

“मी नाई येत.” महामायेचा आवाज चढला नाही, त्यानंच जास्त लागलं. “मले पहिलेपासून माहीत हाये का माह्या हातानं काही झालं नाई. मले हे दाखवून काय उपेग? ज्याईनं मले चष्म्याची बाई म्हटलं, त्याईले दाखवा. नाईतर ह्या मिरच्या घरी न्या अन् ठेचा करा.”

अंबूबाईनं मिरच्या गोळा केल्या. दोन खाली पडल्या, त्या महामायेनं उचलून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटात सगळ्या बायका जमल्या. शेखर दोऱ्यांची रिळं आणि चिमट्यांची पेटी घेऊन आला. रंगरावनं नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले, आणि वाटताना बायकोकडं असं पाहिलं की त्या नजरेतच सगळं होतं: गप राह्य. अंबूबाईची दाराकडं नजर. दारात कोणी नव्हतं. रंगरावचं ऐकायला यापेक्षा सोपी वेळ येणार नव्हती. ज्या बाईसाठी बोलायचं ती आलीच नव्हती.

“चला, कामाले लागू,” शेखर म्हणाला.

“थांबा भाऊ.”

आपलाच आवाज तिला परका वाटला. तिनं पदरातल्या मिरच्या काढून नारळाच्या ताटात ठेवल्या. “मागच्या सालचा लॉट मी घालवला,” ती म्हणाली. “महालक्ष्म्याच्या दुसऱ्या दिवशी दीड-दोन हजार फुगलेल्या कळ्या मी सोलल्या. एकटीनं. तुम्ही इचारलं तवा मी नाई म्हटलं. खोटं बोलली. महामायेच्या हातचं काही नाई.” मग काळा दोरा, पांढरा दोरा, कापूस, अकरा, सगळं सांगितलं. बोलताना ती एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती.

पुष्पांजली ताटाकडं पाहत होती. शेखरनं एक मिरची उचलून चिरली, दुसरी चिरली. त्याचा चेहरा वाचता येत नव्हता.

“काकू, हे मला वर कळवावं लागेल,” तो म्हणाला आणि फोन काढून बाहेर गेला.

जाळीतून तो दिसत होता. बांधावर येरझाऱ्या घालत बोलत होता. मध्येच थांबायचा, ऐकायचा, मान हलवायचा. रंगराव खांबाला टेकून उभा होता. तो आता बायकोकडं पाहतही नव्हता. अंबूबाईच्या मनात आलं, संध्याकाळी जाळी उतरवायला लागली तर मुलाला, शिवमला, पुण्याहून बोलवावं लागेल, एकट्या रंगरावला त्या वरच्या तारा सुटायच्या नाहीत. माणूस घाबरला की असल्या बारीकसारीक गोष्टींतच अडकतो. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. उन्हानं शेडनेट तापायला लागलं तरी एकही बाई खाली बसली नाही.

शेखर आत आला तेव्हा त्याच्यामागं दारात आणखी कोणी उभं होतं. महामाया. कधी आली होती, किती ऐकलं होतं, कोणाला माहीत नाही. चपला तिनं अजून काढल्या नव्हत्या.

“यंदा या भागात चार लॉट फेल गेले,” शेखर सगळ्यांना म्हणाला. “चारही ठिकाणी आम्ही विचारलं, कशानं गेलं? चारही ठिकाणी एकच उत्तर: कोण्यातरी मजुरानं केलं असेल. त्या तिघांचं यंदा काय होणार ते कोणालाच माहीत नाही, कारण काय चुकलं तेच माहीत नाही. इथं माहीत आहे.” तो अंबूबाईकडं वळला. “प्लॉट चालू राहील. पण साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, तुमचा लॉट वेगळा तपासणार, अन् अर्ध्या टक्क्याचीही सूट नाही. फेल गेला तर जाळी उतरवायची.”

अंबूबाईनं मान डोलावली. पुष्पांजलीनं पेटीतून एक चिमटा काढला, दारापर्यंत गेली आणि महामायेपुढं धरला. माफी वगैरे काही मागितली नाही; तेवढं तिला जमत नाही. महामायेनं चिमट्याकडं पाहिलं, पुष्पांजलीकडं पाहिलं, मग अंबूबाईला विचारलं, “यंदा महालक्ष्म्याले चावी कोनाजवळ राहीन?”

“तुह्याजवळ.”

तेव्हा तिनं चपला काढल्या.

बोलणं सोपं असतं. महालक्ष्म्यांच्या दिवशी पुरण वाटताना अंबूबाईचा जीव नुसता टांगणीला लागला होता. आपण जाऊ शकत नाही, पाहू शकत नाही. सबंध वर्ष चार बायकांच्या बोटांवर. दोनदा ती अंगणाच्या फाटकापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. रंगराव म्हणाला, “जाऊन पाहू काय मी?” ती म्हणाली, “नको. चावी देल्ली म्हंजे देल्ली.” सवाष्णींना वाढताना एकीला दोनदा आंबील वाढली, एकीला वाढलीच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती शेडनेटमध्ये आली. महामाया आधीच आलेली होती. दारात एक पोतं उभं होतं, तोंडापर्यंत भरलेलं. अंबूबाईनं वाकून पाहिलं. कळ्या. फुगलेल्या, टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र. हजारांनी.

“चौघींच्यानं जेवढ्या वेळेत सोलल्या गेल्या तेवढ्या सोलल्या,” महामाया म्हणाली. “राह्यलेल्या आज सकाळी तोडल्या.”

एवढ्या कळ्या! तिचा हात आपोआप पोत्यात गेला. तिनं एक कळी उचलली, मिटलेली, घट्ट, अशी की कोणीही म्हणेल हिला अजून वेळ आहे. नखानं उघडली. नर आत फुटलेला होता. नखावर पिवळसर भुकटी उतरली. दुसरी उघडली, ती चांगली निघाली. तिसरी फुटलेली. वरून कोणती कुठली ते तिला सांगता येईना. दहा-बारा वर्षं या कामात घालवलेल्या बाईला सांगता येईना.

“बरं केलं,” ती म्हणाली, आणि पोतं उचलून उकिरड्यावर रिकामं केलं.

पुढच्या मृगापर्यंत वाट पाहायची होती. त्या आठ महिन्यांत अंबूबाईनं एकदाही ‘पास होईल’ असं म्हटलं नाही. फोन आला तेव्हा ती भांडी घासत होती. स्क्रीनवर शेखरचं नाव पाहून तिची पाचावर धारण बसली. राखेच्या हातांनीच फोन उचलला आणि तसाच धावत महामायेच्या ओसरीवर नेला. “तूच बोल. माह्याच्यानं नाई होत.”

महामायेनं फोन कानाला लावला. ऐकलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. तेवढा सूड तिनं घेतला, आणि तो तिला शोभला. मग म्हणाली, “अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.”

अंबूबाई तिथंच पायरीवर बसून रडली, मोठ्यानं, शेजारच्या बायका गोळा होईपर्यंत.

या गोष्टीला आता दुसरं वर्ष. प्लॉट चालू आहे, चावी दोघींजवळ आहे. आणि पहिली ओळ तेव्हापासून कंपनीला जात नाही. कोणी नवी बाई कामाला आली, की तिला आधी त्या ओळीत बसवतात. चाळीस कळ्या तिनं स्वतःच्या अंदाजानं निवडायच्या, सोलायच्या, पावडर नाही, कापूस, काळा दोरा. कोणी टोकत नाही, कोणी शिकवत नाही. आठ दिवसांनी महामाया तिच्यासमोर कापूस सोडते. पाच धरतात, पंधरा धरतात. एकीच्या सव्वीस धरल्या होत्या, ती रडायला लागली, तेव्हा पुष्पांजलीच म्हणाली, “रडतं काऊन? लॉट थोडीच गेला? इथं गेल्या त्या तिथं जाणार नाईत.” ज्या बायका त्या ओळीतून गेल्या आहेत, त्यांचा हात नंतर थोडा हळू चालतो. आठशेच्या सातशे होतात. पण संशयाची कळी त्या स्वतःहून तोडतात.

त्या ओळीतल्या पहिल्या चाळीस फुगलेल्या कळ्या मात्र नव्या बाईच्या नसतात. ही अट महामायेनं घातली आणि अंबूबाईनं ती मान्य केली. हंगामाच्या पहिल्या दिवशी, नारळ फुटल्यावर, सगळ्यांच्या देखत, अंबूबाई त्या सोलते, सगळं कसब पणाला लावून, एकही धरू नये म्हणून. आठ दिवसांनी सगळ्यांना बोलावून कापूस सोडते.

यंदा नऊ धरल्या. अंबूबाईनं त्या बोट ठेवून एकेक मोजल्या, आणि मोजताना आवाज बारीक केला नाही.